वेगमापक कॅमेऱ्यांची नोंद आणि लोकसहभागाचा नकाशा

आग्रा ते लखनौ या ३०२ किलोमीटर लांबीच्या द्रुतगती मार्गाचे उद्घाटन २१ नोव्हेंबर २०१६ रोजी झाले, तेव्हा उन्नाव जिल्ह्यात त्याच्याच एका पट्ट्यावर हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी चाके टेकवली होती. ज्या रस्त्यावर विमान उतरू शकते, तेथे मोटारचालकाने स्वतःहून वेग आवरावा ही अपेक्षा किती अवघड आहे, याची कल्पना यावरून येते. उत्तर प्रदेशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत २२,५९५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. देशातील सर्व राज्यांत हा आकडा सर्वाधिक होता. त्या वर्षी देशभरात १,६८,४९१ जणांचा बळी गेला आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण दिलेले आहे.

वेगमापक कॅमेरे आले ते या पार्श्वभूमीवर. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १३६-अ समाविष्ट झाले आणि त्याला अनुसरून ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ आला. राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरील अपघातप्रवण पट्ट्यांत तसेच १३२ शहरांतील महत्त्वाच्या चौकांत इलेक्ट्रॉनिक साधने बसविण्याची तरतूद त्यात आहे. या यादीत महाराष्ट्रातील १९, तर लखनौसह उत्तर प्रदेशातील १७ शहरे आहेत. नियमभंगाची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठविणे आणि साधनाचे मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकृत करणे बंधनकारक आहे. हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास एक ते दोन हजार रुपये दंड होतो.

याच नियमातील एका तरतुदीकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या पट्ट्यावर इलेक्ट्रॉनिक देखरेख आहे, त्याच्या आधी ठळक सूचनाफलक लावणे राज्य शासनावर बंधनकारक आहे. म्हणजेच स्थिर कॅमेऱ्याची जागा हे आपल्याकडे गुपित नाही, ती वाहनचालकाला कळावी असेच नियमाला अभिप्रेत आहे. परदेशांत मात्र मतभिन्नता दिसते. जर्मनीत वाहन चालविताना अशी पूर्वसूचना देणारे साधन वापरण्यास चालकाला मनाई आहे. फ्रान्समध्ये कॅमेऱ्याचे नेमके ठिकाण न दाखविता काही किलोमीटरचा ‘धोक्याचा टप्पा’ तेवढा दाखविला जातो. ब्रिटनमध्ये मात्र ठिकाण दाखविण्यास आडकाठी नाही.

मग ही माहिती नकाशावर कोण घालते? ओपन स्ट्रीट मॅप हा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला मुक्त नकाशा स्वयंसेवकांच्या नोंदींवर उभा आहे. इस्रायलमध्ये जन्मलेले आणि २०१३ साली गुगलने घेतलेले वेझ हे उपयोजनही वाहनचालकांच्या माहितीवरच चालते. स्थिर कॅमेऱ्याची नवी खबर तेथे थेट झळकत नाही, त्या भागाचा स्वयंसेवी संपादक ती आधी तपासतो. भारतात फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशाविषयक माहितीवरील पूर्वपरवानगीची बंधने बरीच सैल केली, त्यामुळे या कामाला मोकळीक मिळाली.

नोंद करणे वरवर पाहता सोपे आहे. नकाशावर कॅमेऱ्याच्या खांबाच्या जागी एक बिंदू ठेवायचा, कॅमेरा कोणत्या दिशेच्या वाहनांवर रोखलेला आहे ते आणि फलकावरील वेगमर्यादा लिहायची. चुका होतात त्या याच तीन गोष्टींत. लखनौचा शहीद पथ हे याचे चांगले उदाहरण ठरेल. कानपूर रस्त्याला फैजाबाद रस्त्याशी जोडणाऱ्या या मार्गाच्या कडेने सेवा रस्ते आहेत. मोबाइलवरील उपग्रह संकेत काही मीटरने जरी सरकला, तरी मुख्य मार्गावरचा कॅमेरा सेवा रस्त्यावर नोंदला जातो आणि तेथून संथपणे जाणाऱ्याला विनाकारण इशारा मिळतो. दिशा लिहिली नाही तर समोरून येणाराही दचकून ब्रेक दाबतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. मागच्या ट्रकचालकाला अशा अचानक ब्रेकला प्रतिसाद द्यायला तेवढाही अवधी मिळेलच असे नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे खांबावरचा प्रत्येक कॅमेरा वेगमापक समजणे. शहरांतील चौकांत पुष्कळ कॅमेरे सिग्नल तोडणारी वाहने टिपण्यासाठी किंवा वाहन क्रमांक वाचण्यासाठी असतात.

म्हणूनच ओपन स्ट्रीट मॅपवर जमिनीवर प्रत्यक्ष दिसते तेच नोंदवावे, असा दंडक आहे. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवून घेणे त्यास मान्य नाही. पोलिसांची तात्पुरती तपासणी किंवा फिरते स्पीड गनचे वाहन यांचीही कायमस्वरूपी नोंद करीत नाहीत, कारण तासाभराने ते तेथे नसते. हा संकेत सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्यच म्हणावा लागेल. स्थिर कॅमेरा धोक्याची जागा सांगतो. फिरत्या पथकाची खबर मात्र बहुधा केवळ दंड चुकविण्याच्या कामी येते. नोंद वाहन चालविताना न करता शेजारी बसलेल्या व्यक्तीने करावी, हे वेगळे सांगायला नको.

काढून टाकलेला कॅमेरा नकाशावर तसाच राहणे हाही दोषच. खोटे इशारे वारंवार मिळाले की चालक खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो. नकाशा आणि जमीन यांत अंतर पडले की काय होते, हे उत्तर प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अनुभवले. बरेली व बदायूँच्या दरम्यान रामगंगेवरील पुलाचा काही भाग पुराने आधीच वाहून गेला होता. दिशादर्शक नकाशाच्या आधारे निघालेली मोटार त्या तुटक्या पुलावरून खाली कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. रस्ता तुटल्याची वार्ता आसपासच्या गावांना ठाऊक असणार, पण ती नकाशात पोहोचली नाही आणि वाट अडविणारा पुरेसा अडथळाही नव्हता.

कॅमेऱ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: चालक कॅमेऱ्यापुरता वेग कमी करतात आणि पुढे पुन्हा वाढवितात. आक्षेप खरा आहे. गंमत अशी की, वेगमापक यंत्रांतील एक अग्रणी नाव असलेले डच मोटारशर्यतपटू मॉरिस गॅट्सोनिडीस यांनी आपले यंत्र मुळात वळणावरचा स्वतःचा वेग वाढविण्यासाठी बनविले होते! या आक्षेपाला तांत्रिक उत्तर सरासरी वेगमापनाचे आहे. दोन ठिकाणी वाहनाचा क्रमांक वाचून मधल्या अंतराला लागलेला वेळ मोजला जातो. ताशी १०० किलोमीटर मर्यादा धरली, तर ३०२ किलोमीटरसाठी तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागायलाच हवा. मध्ये कोठे ब्रेक दाबला याने हिशेब बदलत नाही. सुमारे ९५ किलोमीटर लांबीच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या वाहतूक व्यवस्थापन प्रणालीतही अशी मोजणी आहे. अशा ठिकाणी नकाशावर एक बिंदू ठेवून भागत नाही. आरंभ, शेवट आणि त्यांमधील संपूर्ण टप्पा असे तिन्ही घटक जोडून नोंदवावे लागतात, तेव्हाच चालकाला टप्पा कोठे संपतो हे कळते आणि तोवर वेग मर्यादेत ठेवण्याची सूचना देता येते.