मोत्याचं दुखणं, माणसाचं औषध

घरचा कुत्रा पाय उचलून चालायला लागतो. मुरगळला असेल म्हणून आपण तेल चोळतो आणि महिन्याभराने एक्स-रेमध्ये हाडाचा कर्करोग निघतो. याच दुखण्याच्या अभ्यासाने माणसांच्या मुलांनाही आधार दिला आहे. तरी त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

गैरसमज: प्राण्यांचे आजार वेगळे, आपले वेगळे.
वस्तुस्थिती: हाडाचा कर्करोग ग्रेट डेन, रॉटवायलरसारख्या थोराड कुत्र्यांना होतो, तसाच वाढत्या वयातल्या मुलांनाही, बहुधा गुडघ्यापाशी. दोघांतही तो फुप्फुसांकडे धावतो. ऑटोइम्यून आजारांचंही तेच. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागली की कुत्र्याच्या गुलाबी हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. अशा वेळी माणसाला काय आणि कुत्र्याला काय, आधी स्टेरॉइडच देतात.

गैरसमज: अभ्यासासाठी धडधाकट कुत्र्यांना आजारी पाडतात.
वस्तुस्थिती: प्रयोगशाळेतल्या उंदरांत कर्करोग बहुधा मुद्दाम घडवावा लागतो. इथे रुग्ण असतो आधीच आजारी पडलेला, घरात वाढलेला कुत्रा. मालकाच्या संमतीनेच त्याच्यावर उपचार होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ साली यासाठी खास कार्यक्रम सुरू केला.

गैरसमज: यातून माणसाच्या हाती काही लागत नाही.
वस्तुस्थिती: १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाडाच्या कर्करोगामुळे पाय कापावा लागलेल्या काही कुत्र्यांना मिफामुर्टाइड हे औषध दिलं. औषधाविना निम्मे कुत्रे ७७ दिवसांत दगावले. औषध मिळालेल्यांत हाच काळ २२२ दिवसांवर गेला. २००९ मध्ये युरोपने हे औषध मुलांसाठी आणि तरुणांसाठी मंजूर केलं. बाधित हाड काढून पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रियेतही कोलोरॅडो राज्य विद्यापीठात कुत्र्यांवर झालेल्या कामाची मोठी मदत झाली.

गैरसमज: कुत्र्याचा कर्करोग आपल्याला लागतो.
वस्तुस्थिती: लागत नाही. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवरची एक गाठ समागमातून पसरते, पण कुत्र्याकडून कुत्र्यालाच. तिच्यावर व्हिन्क्रिस्टिन देतात. ते मिळतं अंगणातल्या सदाफुलीपासून, आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांनाही तेच देतात.

गैरसमज: मग आपलं औषध प्राण्याला द्यायला हरकत नाही.
वस्तुस्थिती: मोठी हरकत आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. आजार सारखा असला तरी औषध पचवणारं शरीर वेगळं असतं. म्हणून मोत्या लंगडायला लागला, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याला पशुवैद्याकडे न्या.