दूरची हवा, आपल्या वस्तीतला ओझोन

उंच आकाशातला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. तोच वायू जमिनीलगत वाढला की फुफ्फुसांना सूज आणतो, खोकला आणि दमा वाढवतो.

हा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट निघत नाही. वाहने, कारखाने, वीजकेंद्रे, जळता कचरा यांतून सुटलेल्या वायूंवर ऊन पडले की तो तयार होतो. म्हणून तो दुपारी चढतो. वाऱ्याबरोबर तो शेकडो किलोमीटर जातो. उंचावर तर काही आठवडे टिकतो.

मुंबई-पुण्याचेच पाहा. पावसाळ्यात समुद्रावरून स्वच्छ वारा येतो, ढग ऊन अडवतात, ओझोन उतरतो. हिवाळ्यात जमिनीवरून येणारा वारा दूरचे प्रदूषण आणतो. त्यात शहराची भर पडते आणि ओझोन वाढतो. म्हणून केवळ वस्तीतल्या चुलीला दोष देणे बरोबर नाही. राज्यांनी मिळून कारखान्यांना आणि वाहनांना आवर घालावा, ही मागणी आपण सभेत मांडली पाहिजे.

तोवर एवढे करू या. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर ओझोनचा आकडा पाहावा. आठ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅमच्या वर नको, अशी आपल्या देशाची मर्यादा आहे. कापडी मास्क हा वायू अडवत नाही. बिगारी काम करणाऱ्यांनी मुकादमाशी बोलून जड काम सकाळीच उरकावे. मुलांना भर दुपारी खेळायला सोडू नये. दमेकऱ्यांनी पंप जवळ ठेवावा. धाप थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठावा.