सगळं कळलं, मजा गेली!

हॅरी पॉटरचं नवीन काही आलं, की तुम्ही आधी काय करता? खरं सांगा हं. ट्रेलर बघता, की त्याखालच्या कॉमेंट्स वाचता? आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक थेट कॉमेंट्सवर जातात. दोन मिनिटांत निकाल लागतो. कास्टिंग गंडलंय, सगळं अंधारं दिसतंय, पुस्तकात असं नव्हतंच! मग ट्रेलर बघायचा राहूनच जातो. पुढे लंच अवर संपतो, मीटिंग सुरू होते आणि आपलं काही हुकलंय असं वाटतही नाही.

हे ‘काहीच न वाटणं’ जरा खटकतं. कारण हीच ती पब्लिक, जिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर हॉगवर्ट्सचा नकाशा काढला होता. अकरावा वाढदिवस झाला तरी घुबड का आलं नाही म्हणून जिचं मन खट्टू झालं होतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आठ सिनेमे आले आणि आपलं अख्खं शालेय आयुष्य त्यात मावलं. मग झालं काय?

‘मोठे झालात, दुसरं काय!’ हे उत्तर घरोघरी तयारच असतं. मला ते पटत नाही. मोठे होऊनही आपण ‘अशी ही बनवाबनवी’ विसाव्यांदा बघतोच ना? संवाद पाठ आहेत, तरी हसतो. त्या सिनेमातल्या प्रत्येक पात्राचं पुढे काय झालं, हे कुणी कुणाला समजावून सांगत बसलेलं नाही. माझा संशय नेमका इथे आहे.

थोडं मागे जाऊया. जुलै २००५ मध्ये सहावं पुस्तक आलं. त्याच्या शेवटी एका लॉकेटमध्ये चिठ्ठी निघते आणि खाली सही असते, आर.ए.बी. बस्स! हा माणूस कोण, हे कळायला सातव्या पुस्तकाची वाट बघायची होती आणि ते आलं २१ जुलै २००७ च्या शनिवारी. मधली दोन वर्षं जगभरातल्या फॅन्सनी जे काही केलं, त्याने ‘सीआयडी’तला दयासुद्धा लाजला असता. सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस ब्लॅक, हा अंदाज बऱ्याच जणांचा होता. पण पुरावा? तो निघाला अनुवादांतून! डच पुस्तकात ब्लॅक घराण्याचं आडनाव भाषांतर करून झ्वार्ट्स केलेलं होतं आणि तिथल्या चिठ्ठीवर सही होती आर.ए.झेड. नॉर्वेच्या पुस्तकात ‘स्वार्ट’, म्हणून सही आर.ए.एस. म्हणजे ‘बी’ हे अक्षर ब्लॅकचंच! अनुवादकांनी आपलं काम चोख केलं आणि त्यातच बिंग फुटलं. भन्नाट की नाही?

भांडणं तेव्हाही व्हायची. स्नेप चांगला की वाईट, यावरून लोक एकमेकांशी बोलायचे बंद व्हायचे. सिनेमांवर तक्रारीही तेव्हापासूनच्या आहेत. हॅरीचं नाव आगीच्या प्याल्यातून बाहेर येतं तेव्हा पुस्तकातला डम्बलडोर त्याला शांतपणे विचारतो आणि २००५ च्या सिनेमातला मायकेल गॅम्बन त्याचे खांदे धरून गदागदा हलवतो. त्यावर आजवर इतके विनोद झालेत की गॅम्बन २०२३ मध्ये गेले तेव्हा श्रद्धांजलीतही लोकांना तो सीन आठवला. पण तेव्हाच्या वादांत एक मोठी गोष्ट होती. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेतला पीएचडीवाला आणि चिंचवडमधली सहावीतली मुलगी, दोघंही त्याच अंधारात चाचपडत होते. तिची थिअरी बरोबर निघण्याचा चान्स त्याच्याइतकाच होता.

आपल्या वाट्याला तर आणखी मोठी रिकामी जागा आली होती. पार्वती आणि पद्मा पाटील! आता पाटील म्हटल्यावर आपण काय गप्प बसणार? त्या मूळच्या कोल्हापूरच्या की जळगावच्या, घरी मराठी बोलतात की नाही, दिवाळीचा फराळ घुबडाकरवी येतो का... पुस्तकात यातलं काहीही नाही. म्हणून सगळं आपलं! लेखिकेने आडनाव दिलं आणि बाकीचं घर आपण बांधलं. चौथ्या सिनेमात मात्र त्या दोघींना गुलाबी-केशरी लेहंग्यांत उभं केलं आणि आपल्याकडच्या मुलींनी जो काही वैताग केला! पुस्तकात पार्वती झगझगीत गुलाबी रोबमध्ये आहे आणि पद्मा मोरपिशी. शिवाय पद्मा रेव्हनक्लॉची, सिनेमाने तिलाही बहिणीबरोबर ग्रिफिंडॉरमध्ये बसवून टाकलं. (लग्नाच्या हॉलबाहेर भाड्याने मिळतात तसले ते ड्रेस, हे माझं मत आजही कायम आहे.)

पण सातवं पुस्तक आलं, कथा संपली आणि उत्तरं थांबेचनात. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जे. के. रोलिंग यांनी डम्बलडोर गे असल्याचं सांगितलं, तेव्हा टाळ्या पडल्या. पुढे पॉटरमोअर ही अधिकृत साइट आली. कुणाचं लाकूड कसलं, कुणाचे आजोबा कोण, सगळी माहिती मिळू लागली. सुरुवातीला आपणही अधाशासारखं वाचलं. मग जानेवारी २०१९ मध्ये त्याच साइटच्या ट्विटर हँडलने जगाला कळवलं की हॉगवर्ट्समध्ये नळ आणि ड्रेनेज येण्याआधी जादूगार उभ्या जागीच उरकायचे आणि मंत्र मारून गायब करायचे! अरे यार, विचारलं होतं कुणी?

नागिनीचंही तेच. व्होल्डेमॉर्टचा साप ही मुळात एक शापित बाई होती, हे २०१८ च्या ‘क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड’मध्ये कळलं. कोरियन अभिनेत्री क्लॉडिया किमने ती साकारली. बाकी जगाला धक्का बसला असेल, आपल्याला कशाला बसेल? नागिणीची बाई होणं आणि बाईची नागीण होणं यावर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सिनेमे निघालेत आणि टीव्हीवर तर सीझनवर सीझन झालेत. पण मजेचा भाग सोडला तर पुढचा प्रश्न अवघड होता. सातव्या पुस्तकात नेव्हिल त्या सापाचं मुंडकं उडवतो तेव्हा आपण सगळ्यांनी आनंदाने उड्या मारल्या होत्या. आता त्या उड्यांचं काय करायचं?

त्याच सिनेमात, म्हणजे १९२७ सालात, प्रोफेसर मॅक्गोनॅगल शिकवताना दिसतात. आता पाचव्या पुस्तकात त्या स्वतः सांगतात की १९९५ च्या डिसेंबरात नोकरीला ३९ वर्षं होतील. म्हणजे १९५६ ची जॉइनिंग! फॅन्सनी हा हिशोब लगेच मांडला आणि एचआरवाल्यासारखी सर्व्हिस बुक तपासावी तशी त्यावर महिनोन् महिने चर्चा केली. मी ती सगळी वाचली. वाचता वाचता लक्षात आलं की आर.ए.बी.च्या वेळी हीच बारीक नजर लागली होती, असेच साल-महिने मोजले होते. फरक एवढाच की तेव्हा काहीतरी सापडावं म्हणून मोजत होतो आणि आता चूक पकडावी म्हणून. दिवसभर एक्सेलमध्ये चुका शोधणाऱ्या माणसाने संध्याकाळीही तेच करायचं? कंटाळा येणारच.

आकडेही हेच बोलतात. ‘फॅन्टॅस्टिक बीस्ट्स’चे पाच सिनेमे जाहीर झाले होते. पहिल्याने २०१६ मध्ये जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर कमावले, दुसऱ्याने साधारण ६५ कोटी, २०२२ मधल्या तिसऱ्याने ४० कोटींच्या आसपास. चौथा आलाच नाही.

मध्ये २०२० उजाडलं. जूनमध्ये रोलिंग यांनी ट्रान्सजेंडर विषयावर जी भूमिका मांडली, तिच्यावरून फॅन्समध्ये उभी फूट पडली. डॅनियल रॅडक्लिफ आणि एमा वॉटसन यांनी जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली. मगलनेट आणि लीकी कॉल्ड्रन या सर्वांत जुन्या फॅनसाइट्सनी लेखिकेपासून अंतर राखायचं ठरवलं. हा वाद सिनेमातल्या चुकांसारखा नव्हता, त्यात खऱ्या माणसांची आयुष्यं होती. माझी एक मैत्रीण तेव्हापासून पॉटरचा ‘प’ काढत नाही, दुसरी म्हणते पुस्तक माझं आहे, लेखिकेचं ती बघेल. दोघी शाळेपासून एका बाकावरच्या. आता भेटल्या की बोलतात, फक्त हा विषय सोडून. आणि एकेकाळी त्यांच्यात दुसरा विषयच नव्हता.

आता एचबीओ पुन्हा पहिल्यापासून मालिका करतंय. एप्रिल २०२५ मध्ये पापा एसिएडू हा कृष्णवर्णीय ब्रिटिश अभिनेता स्नेप होणार हे जाहीर झालं आणि चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच त्याच्यावर वर्णद्वेषी कॉमेंट्सचा मारा झाला. कारण काय, तर पुस्तकाशी इमान! पुस्तकातला स्नेप पहिल्या भागात तिशीत आहे. अॅलन रिकमन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. तेव्हा कुणाला इमान आठवलं नाही, कारण रिकमननी पहिल्याच सीनमध्ये सगळ्यांना गप्प केलं होतं. एसिएडूला तो पहिला सीन मिळायच्या आधीच लोकांनी वर्ग सोडला.

माझी दहा वर्षांची भाची सध्या सहाव्या पुस्तकाच्या शेवटाला आलीये. तिच्याकडे अजून फोन नाही. परवा तिने लॉकेटमधली चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “मावशी, आर.ए.बी. कोण गं?” मी म्हटलं, “तुला कोण वाटतं?” तिने दोन दिवस विचार करून सांगितलंय की तो नक्कीच रॉनचा कुणीतरी काका असणार. कारणंही दिली, चार. त्यातलं एक तर मलाही पटलं.