जुनी व्हॅन घेताना : आधी माणसे मोजा, मग कागद पाहा, भाव शेवटी

घरात तिसरे मूल येते, गावाहून आई-वडील राहायला येतात, आणि आजवर दुचाकीवर व रिक्षावर भागत होते ते भागेनासे होते. भिवंडीचा यंत्रमागवाला असो, मिरजेचा तंतुवाद्य कारागीर असो की चिपळूणचा किराणा दुकानदार, अशा वेळी नवी मोठी गाडी घेण्याइतकी रक्कम सर्वांकडेच नसते. मग जुन्या व्हॅनचा शोध सुरू होतो. दलाल गाडी दाखवतो, रंग चकचकीत असतो, भाव परवडेल असा वाटतो आणि त्याच संध्याकाळी इसार दिला जातो. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी घरातली माणसे मोजावीत, मग गाडी आणि तिचे कागद तपासावेत आणि भावाची बोलणी सर्वांत शेवटी करावीत. हे कसे करायचे ते आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

माणसे किती, आसने किती

आज घरात किती माणसे आहेत एवढेच पाहू नका. गाडी किमान सहा-सात वर्षे ठेवायची असते. आज मांडीवर असलेले मूल तेव्हा स्वतंत्र आसनावर बसणारे असेल. आजोबांना आज गाडीत चढता येते, उद्या गुडघे साथ देतीलच असे नाही. तेव्हा सहा-सात वर्षांनंतरची माणसे मोजा आणि तेवढी आसने आरसी बुकात लिहिलेली आहेत का ते पाहा. गाडीत किती बाके बसवली आहेत यापेक्षा बुकात किती आसने नोंदली आहेत हे महत्त्वाचे. अपघातानंतर विमा कंपनी बुकच पाहते.

येथे व्यापारी बांधवांसाठी एक इशारा. मारुतीच्या इको गाडीचा 'कार्गो' नावाचा मालवाहू प्रकार २०१५ पासून विकला जातो. तो स्वस्त पडतो. काही जण त्यात मागून बाके ठोकून ती 'फॅमिली गाडी' म्हणून विकतात. बुकात ती मालवाहू गाडीच असते. तिच्यात मुलाबाळांना बसवणे बेकायदा आहे आणि दुर्दैवाने काही घडले तर भरपाई मिळणे कठीण. उलट, पांढऱ्या नंबरपाटीच्या खासगी व्हॅनमधून भाडे घेऊन प्रवासी किंवा शाळेची मुले नेणे हेही नियमाबाहेरचे आहे. 'गाडी आपला खर्च आपणच काढील' असा हिशेब करून खासगी व्हॅन घेऊ नये.

कोणती गाडी

आपल्याकडे व्हॅन म्हटले की ओम्नीच डोळ्यांसमोर येते. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे साधे इंजिन, कोणत्याही गावी दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि अरुंद गल्लीत सहज वळणारी जेमतेम ११ फूट लांबीची बॉडी हे तिचे गुण. मात्र तिला पुढे बॉनेट नाही. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने समोरून धडक बसली तर चालकाचे पाय आणि धडक यांमध्ये पत्र्याखेरीज फारसे काही नसते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ सालची ओम्नी घेतली तर तिची मुदत २०२७ मध्ये संपते. त्यानंतर तपासणी, फेरनोंदणीचे शुल्क आणि पर्यावरण कर हा खर्च नव्या मालकाच्या माथी येतो. गावातल्या गावात फिरायला ओम्नी ठीक. कुटुंब घेऊन महामार्गाने लांब जायचे असेल तर आम्ही तिची शिफारस करणार नाही.

इको २०१० साली आली. इंजिन १२०० सीसीच्या आसपास, त्यामुळे भरलेल्या गाडीला ओम्नीपेक्षा अधिक ताकद. आत जागा भरपूर आणि देखभालीचा खर्च कमी. पण ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ साली एअरबॅग नसलेल्या इकोची धडक-चाचणी घेतली तेव्हा तिला एकही तारा मिळाला नव्हता. भारतात बनणाऱ्या सर्व नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. म्हणून इको घ्यायची तर जुलै २०१९ नंतर बनलेलीच घ्या. चार पैसे जास्त जातील, ते जाऊ द्या.

एर्टिगा २०१२ साली आली आणि २०१८ च्या अखेरीस तिचे नवे, थोडे मोठे रूप आले. तिन्ही रांगा पुढे तोंड करून असलेली, मोटारीसारखी चालणारी ही गाडी सात जणांच्या कुटुंबाला सोयीची आहे. तिच्या डिझेल गाड्या एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा बंद झाल्या, म्हणजे बाजारातली प्रत्येक डिझेल एर्टिगा त्याआधीची आहे हे लक्षात असू द्या. रेनोची ट्रायबर २०१९ सालची. चार मीटरच्या आत सात आसने आणि २०२१ च्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे, हे तिचे बलस्थान. मात्र इंजिन ९९९ सीसीचे असल्याने सात माणसे बसल्यावर घाटात तिला दम लागतो. इनोव्हा मजबूत खरी, परंतु जुनी इनोव्हा स्वस्त मिळाली तरी तिचे सुटे भाग मोठ्या गाडीच्याच भावाने येतात. शेव्हरोलेची टवेरा आणि एन्जॉय आजही फार कमी भावात मिळतात, त्याचे कारण उघड आहे. त्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे बंद केले. सुटा भाग शोधण्यात दिवस घालवण्याची तयारी असेल तरच तिकडे वळा.

गॅसची टाकी

पेट्रोल परवडत नाही म्हणून सीएनजीची गाडी पाहिली जाते. येथे तीन गोष्टी तपासा. पहिली, किट बुकात नोंदलेले आहे का. नोंद नसलेले किट म्हणजे विम्याच्या दाव्याला अडचण. दुसरी, टाकीची दाबचाचणी. ती दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. तिसरी, जागा. मागाहून बसवलेली टाकी बहुधा शेवटच्या रांगेची किंवा सामानाची जागा खाते. सात आसनांची म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात पाच जणांची उरते. कंपनीतून सीएनजीसह येणारी इको पाच आसनीच असते, हेही ध्यानात ठेवा.

गाडीची तपासणी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन चटकन सुरू झाले पाहिजे. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंटचे पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसला तर ती गाडी सोडून द्या.

ओम्नी आणि इको या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. क्लच सोडताना खालून 'टक्क' असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे जोड झिजले आहेत. सरकता दरवाजा पाच-सहा वेळा उघडून लावा. तो अडखळत असेल तर रूळ किंवा रोलर गेलेला आहे, आणि लहान मुलांच्या घरात नीट न लागणारा दरवाजा ही किरकोळ बाब मानू नये.

कोकणातल्या गाडीचा पत्रा खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नका. खाऱ्या हवेने आणि पावसाने दाराखालची पट्टी, चाकावरची कमान आणि पायाखालच्या चटईखालचा पत्रा आतून खाल्लेला असतो. वरून लांबी भरून रंग मारला की डोळ्याला काही कळत नाही. खिशात एक लहान चुंबक ठेवा. लांबी जाड भरलेल्या जागी तो पत्र्याला चिकटत नाही.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. घड्याळात ३० हजार किलोमीटर आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेले, असे दिसले तर घड्याळ मागे फिरवले असावे. सर्व्हिसच्या पावत्या मागा. आरसीचा पूर्वेतिहासही पाहा. गाडी पूर्वी टुरिस्ट परमिटवर धावली असेल तर तिच्या एका वर्षात घरगुती गाडीची चार वर्षे भरतात.

शेवटी चालवून पाहायला एकटे जाऊ नका. घरातली सर्व माणसे बसवा, आजींनाही घ्या, आणि जवळचा एखादा चढ चढवा. इंजिनाची ताकद, ब्रेक, मागच्या आसनावरची दाटी आणि म्हाताऱ्या माणसाला चढता-उतरता येते की नाही, हे सारे अर्ध्या तासात कळते. त्यानंतर ओळखीच्या मेकॅनिकला मजुरी देऊन गाडी दाखवा. दलालाने आणलेला मेकॅनिक चालणार नाही.

कागद आणि नाव

चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून बुकाशी ताडून पाहा. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर घालून विमा, कर्जाचा बोजा आणि नोंदणीची मुदत पाहता येते. थकलेले ई-चलनही तपासून घ्या. गाडीवर कर्ज होते असे बुकात असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ याशिवाय पुढे जाऊ नका. मूळ मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावे फॉर्म ३१ वर गाडी चढली पाहिजे, मगच खरेदी.

दिल्लीकडून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्यांविषयी विशेष जपा. त्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ साली बंदीचा आदेश निघाल्यापासून तिकडच्या गाड्या अन्य राज्यांत येऊ लागल्या. महाराष्ट्रात आल्यावर इथला कर भरून एमएच नंबर घ्यावा लागतो. तो खर्च धरला की स्वस्ताई बहुतेक संपते.

सर्वांत मोठी बाब नावाची. 'गाडी माझ्या दारात आहे, नाव करू सावकाश' ही आपल्याकडची जुनी सवय आहे. कायद्याने विकणाऱ्याने फॉर्म २९ वर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० वर ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा. तसे न केल्यास तिसऱ्या व्यक्तीचे विमासंरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. विकणाऱ्याचा 'नो क्लेम बोनस' त्याचाच असतो, तो गाडीबरोबर येत नाही. म्हणून विम्याचा थोडा फरक भरावा लागेल.

विकणाऱ्याला तर धोका अधिक. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकानेच द्यावी, असा निकाल झाला. ज्याने गाडी विकून पैसे घेतले आणि विषय संपला असे मानले, त्याच्यावरच बोजा आला.

पैशाची बाजू

व्याजाच्या कर्जापासून दूर राहणारे आमचे अनेक वाचक साठवलेल्या रकमेतून गाडी घेतात. त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. हातात पाच लाख असतील तर साडेचार लाखांपर्यंतचाच सौदा करावा. उरलेले नावबदल, विमा, टायर, बॅटरी आणि पहिल्या दुरुस्तीला लागतात. दुसरे, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास एप्रिल २०१७ पासून मनाई आहे आणि दंड घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा आहे. पैसे बँकेतून द्या. त्यामुळे तुमच्याकडे पुरावाही राहतो. इसार द्यायचा तर पावती घ्या आणि 'नाव न चढल्यास परत' असे तिच्यावर लिहून घ्या.

ताबा घेताना साध्या कागदावर तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोघांनी सही करावी. त्या वेळेआधीचे चलन आणि अपघात विकणाऱ्याचे, नंतरचे घेणाऱ्याचे, असेही त्यात लिहावे. हा कागद दोघांमधला हिशेब ठेवतो. आरटीओतला नावबदल त्याने टळत नाही. म्हणून सौद्यातली काही रक्कम उभयतांच्या संमतीने नावबदलाची पावती हाती येईपर्यंत राखून ठेवावी, आणि विकणाऱ्यानेही फॉर्म २९ ची पोच घरच्या फाइलीत लावल्याशिवाय दुसरी किल्ली देऊ नये.