ईडीआय: व्हॅन, एएसटू की नुसतं पोर्टल?

मोठा ग्राहक म्हणतो, 'ईडीआय लावा'. मी आधी विचारतो, महिन्याला ऑर्डरी किती? वीस-पंचवीस असतील तर ग्राहकाचं वेब पोर्टल पुरे. फक्त प्रत्येक आकडा हाताने टाकायचा, आणि चुकला की पेमेंट अडकतं. व्हॅन म्हणजे मधली टपालपेटी. तिथे बहुतेकदा दर हजार अक्षरांमागे पैसे, म्हणजे धंदा वाढला की बिलही फुगतं. एएसटूत फाइल इंटरनेटवरून थेट जाते, सहीची पोच परत येते. वॉलमार्टने 2002 मध्ये पुरवठादारांना हीच वाट धरायला लावली. मात्र सर्व्हर चोवीस तास चालू हवा, सर्टिफिकेटची मुदत सांभाळणारा माणूस हवा. तो नसेल, तर मी व्हॅनच घेईन, दरात घासाघीस करून. आणि हो, जीएसटीचं ई-इनव्हॉइस म्हणजे ईडीआय नव्हे. ते सरकारी पोर्टलवर नोंदवायचं असतं, ग्राहकाच्या सिस्टिममध्ये आपोआप पोचत नाही.