जठरपट्टबंधन व त्यानंतरचा आहार

अतिलठ्ठ व्यक्तीच्या जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकोनाची पट्टी बसवून अन्नाच्या मार्गात नियंत्रित अडथळा निर्माण करण्याच्या शस्त्रक्रियेस ‘जठरपट्टबंधन’ म्हणतात. पट्टीच्या वर सु. १५ ते २० मिलि. धारणेचा लहानसा कोष राहतो. या शस्त्रक्रियेत जठराचा कोणताही भाग काढून टाकला जात नाही व आतड्याचा मार्गही बदलला जात नाही. त्यामुळे अन्नाचे पचन व अभिशोषण पूर्ववत चालू राहते. म्हणूनच इतर जठरशस्त्रक्रियांच्या मानाने हिचे यश रुग्ण काय खातो, कसे खातो व पट्टी वेळोवेळी कितपत जुळवून घेतली जाते यांवर अधिक अवलंबून असते. नव्याने पट्टी बसविण्याचे प्रमाण आता पुष्कळच घटले असले, तरी पूर्वी बसविलेल्या पट्ट्या अनेकांच्या शरीरात अद्याप आहेत व त्यांच्या दृष्टीने आहाराचा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे.

इतिहास : जठराभोवती बंध घालून अन्नसेवन मर्यादित करण्याचा प्रयत्न विल्किन्सन व पेलोसो या अमेरिकन शस्त्रक्रियाविशारदांनी १९७८ मध्ये केला. त्यांनी वापरलेला बंध जाळीच्या कापडाचा असून तो एकदा बसविल्यावर सैल किंवा घट्ट करता येत नसे. १९८० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये हालबर्ग व फोर्सेल यांनी आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ल्यूबोमिर कुझमाक यांनी आतून फुगविता येणाऱ्या पट्टीची कल्पना विकसित केली. कुझमाक यांनी १९८६ मध्ये त्वचेखालील कुपीतून घट्ट वा सैल करता येणारी सिलिकोनाची पट्टी वापरण्यास सुरुवात केली. बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी १ सप्टेंबर १९९३ रोजी अशी पट्टी पोट न उघडता, लहान छिद्रांतून उदरदर्शकाच्या साहाय्याने बसविली. यानंतर यूरोप व ऑस्ट्रेलिया येथे या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये तिला मान्यता दिली आणि २०११ मध्ये त्या देशातील वजन घटविण्याच्या एकूण शस्त्रक्रियांपैकी सु. ३५ टक्के शस्त्रक्रिया पट्टबंधनाच्या होत्या. पुढे दीर्घकालीन उपद्रव लक्षात आल्याने व जठराची नलिकाकार छेदन शस्त्रक्रिया रूढ झाल्याने हे प्रमाण २०१९ पर्यंत सु. एक टक्क्यावर आले.

रचना व कार्य : पट्टीच्या आतील अंगास फुगविता येणारी पोकळ गादी असते. ती बारीक नळीने त्वचेखाली बसविलेल्या कुपीस जोडलेली असते. कुपीच्या पडद्यातून विशिष्ट सुई घालून निर्जंतुक लवणविद्राव भरला म्हणजे पट्टी आवळली जाते व तो काढून घेतला म्हणजे सैल होते. पट्टीच्या प्रकारानुसार तीत ४ ते १४ मिलि. विद्राव मावतो. साध्या सुईने पडद्यास कायमचे छिद्र पडून गळती सुरू होऊ शकते, म्हणून हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे लागते.

पट्टी म्हणजे केवळ अन्न अडविणारी आडकाठी होय, अशी समजूत प्रारंभी होती. ती पुरेशी नाही. पट्टी योग्य प्रमाणात आवळलेली असता चांगला चावलेला घास ग्रसिकेच्या क्रमसंकोची हालचालींनी दोन ते सहा टप्प्यांत पट्टीखाली उतरतो. यास एक मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. प्रत्येक घासागणिक जठराच्या वरच्या भागावर दाब पडतो व त्या भागातील प्राणेशा तंत्रिकेच्या तंतूंद्वारे तृप्तीची जाणीव मेंदूकडे पोहोचते, असे मानतात. अन्न कोषात साठून राहणे हे पट्टीचे अभिप्रेत कार्य नसून थोड्या अन्नात भूक शमणे हे आहे. हा भेद ध्यानात न आल्यास रुग्ण ‘पोट गच्च होईपर्यंत’ खातो आणि कोष व ग्रसिका ताणली जाऊ लागते.

रुग्णाची निवड : शरीर वस्तुमान निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) ४० हून अधिक किंवा ३५ हून अधिक असून जोडीला मधुमेह, अतिरिक्त रक्तदाब यांसारखा विकार असल्यास शस्त्रक्रिया करावी, असा संकेत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या १९९१ मधील परिषदेने घालून दिला. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शस्त्रक्रिया संघटनांनी ही मर्यादा ३५ वर आणली. भारतीयांसह आशियाई लोकांत कमी निर्देशांकासही मधुमेह जडत असल्याने त्यांच्या बाबतीत २७.५ पासून विचार करावा, असे सुचविले आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा आहार : पहिल्या काही आठवड्यांत पट्टीभोवतीच्या ऊतकांची सूज उतरून ती आपल्या जागी स्थिर व्हावी लागते. या काळात वांती झाल्यास पट्टी सरकण्याचा धोका असतो, म्हणून आहार टप्प्याटप्प्याने वाढवितात. प्रथम एक ते दोन आठवडे पातळ पदार्थ (ताक, डाळीचे पाणी, दूध, गाळलेले सार), पुढील दोन ते चार आठवडे घोटलेले अन्न, नंतर मऊ अन्न व सु. सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे घन अन्न असा साधारण क्रम असतो. पट्टीत प्रथम विद्राव बहुधा चार ते सहा आठवड्यांनंतर भरतात. तोवर भूक पूर्ववत लागते. पुष्कळ रुग्णांना हाच शस्त्रक्रियेचा पराभव वाटतो. वस्तुतः पट्टी अद्याप कार्यान्वित झालेली नसते.

कायमच्या आहाराचे नियम मोजके आहेत. दिवसातून तीन किंवा त्याहून कमी वेळा, दर वेळी सु. अर्धा पेला अन्न घ्यावे. घास करंगळीच्या नखाएवढा असावा, तो पूर्ण चावावा व एक घास खाली उतरल्यावाचून दुसरा घेऊ नये. भूक शमताच थांबावे. ताटात काही उरले तरी वीस ते तीस मिनिटांपलीकडे जेवण लांबवू नये. जेवताना व नंतर अर्धा तास पाणी पिऊ नये, मात्र एरवी दिवसभर घोटघोट पाणी प्यावे. मधल्या वेळी खाणे व उष्मांकयुक्त पेये टाळावीत.

अन्न थोडे असल्याने त्यात काय असावे यास महत्त्व येते. दररोज किमान ६० ग्रॅ. प्रथिने मिळावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. एका उकडलेल्या अंड्यातून सु. ६ ग्रॅ., १०० ग्रॅ. पनीरातून सु. १८ ग्रॅ. आणि तितक्याच दह्यातून ३ ते ४ ग्रॅ. प्रथिने मिळतात. त्यामुळे जेवणाची सुरुवात प्रथिनयुक्त पदार्थाने करावी, नंतर भाजी व शेवटी जागा उरल्यास धान्यपदार्थ घ्यावा. महाराष्ट्रातील नेहमीच्या जेवणात भात-पोळीचे प्रमाण मोठे व वरणाचे लहान असते. शाकाहारी रुग्णाला हा क्रम जवळजवळ उलटा करावा लागतो. मऊ शिजविलेली मोडाची कडधान्ये, घट्ट वरण, पिठले, दही, पनीर व सोयाबीनचे पदार्थ त्यास उपयोगी पडतात. मांसाहारी रुग्णास अंडी व मासे सोयीचे असतात. ताजा पाव, चिकट भात, साबुदाण्याची खिचडी, तंतुमय मांस, शेवग्याच्या शेंगा व संत्र्याच्या फोडींवरील पापुद्रे यांचा गोळा होऊन ते पट्टीपाशी अडकतात. हाताने कुसकरलेली भाकरी आमटीत मऊ करून घेतल्यास अनेकांना मानवते. वायुयुक्त पेयांनी कोषात वायू साठून अस्वस्थता येते.

अभिशोषण अबाधित असले, तरी आहार अल्प असल्याने लोह, फॉलिक अम्ल, ब१२ व ड जीवनसत्त्व यांची त्रुटी संभवते. म्हणून बहुजीवनसत्त्वयुक्त गोळी नित्य घेणे व ठराविक काळाने रक्ततपासणी करणे आवश्यक असते.

अडचणी व त्यांवरील उपाय : पट्टबंधनानंतरच्या अडचणी दोन प्रकारच्या असतात : खाण्याच्या सवयींतून येणाऱ्या व पट्टीच्या यांत्रिक दोषांतून येणाऱ्या. दोहोंची लक्षणे पुष्कळदा सारखी असतात. त्यामुळे यांत्रिक दोषाचे खापर रुग्णाच्या संयमावर फुटते, किंवा उलट सवयीचा दोष पट्टीवर ढकलला जातो. दोन्ही गोष्टींनी योग्य उपचारास विलंब होतो.

(१) घास अडकणे : छातीत दाटल्यासारखे होते, तोंडास लाळ सुटते व फेसाळ लाळेसह घास परत येतो. घाईने किंवा न चावता खाणे हे याचे नेहमीचे कारण होय. अशा वेळी खाणे थांबवावे. घास खाली ढकलण्यासाठी पाणी पिऊ नये. त्या दिवशी पातळ पदार्थच घ्यावेत. पाण्याचा घोटही उतरेनासा झाल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठून पट्टी सैल करून घ्यावी.

(२) मऊ अन्नाकडे वळणे : पट्टी प्रमाणाबाहेर घट्ट झाली म्हणजे वरण-भाजी अडकते, पण आइस्क्रीम, बासुंदी, श्रीखंड, चॉकलेट यांसारखे पदार्थ सहज घसरून जातात. रुग्ण नकळत त्यांकडे वळतो व थोडे खाऊनही वजन वाढू लागते. पट्टी आणखी आवळावी अशी मागणी तो या वेळी करतो; परंतु खरा उपाय ती थोडी सैल करणे हा असतो. रात्री येणारा खोकला, आम्लयुक्त पाणी तोंडाशी येणे व वारंवार वांती ही पट्टी अतिघट्ट असल्याची लक्षणे होत.

(३) वजन स्थिरावणे : आठवड्यास अर्धा ते एक किग्रॅ. घट ही समाधानकारक समजतात. वजन घटले म्हणजे शरीराची ऊर्जेची गरजही कमी होते, त्यामुळे मधूनमधून वजन स्थिरावणे स्वाभाविक आहे. भूक लवकर लागू लागली असल्यास पट्टीत विद्राव भरण्याची गरज असू शकते. रोज किमान अर्धा तास चालणे व आठवडाभराच्या आहाराची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

(४) मानसिक अडचणी : दुःख, एकटेपणा किंवा कंटाळा यांमुळे खाण्याची सवय पट्टीने जात नाही, कारण पट्टी जठराभोवती असते. समारंभातील आग्रह, सणासुदीचे पदार्थ व इतरांचे बोलणे यांचाही ताण येतो. एखादे वेळी नियम मोडल्यावर ‘आता सारेच फसले’ असे मानून सर्व पथ्य सोडणे ही सर्वांत हानिकारक प्रतिक्रिया होय. पुढचे जेवण नियमाप्रमाणे घेणे एवढाच तिच्यावर उपाय आहे. अपराधी वाटून तपासणीस जाणे टाळणारे रुग्ण पुष्कळ असतात. वस्तुतः वजन वाढलेल्यांनाच तपासणीची गरज अधिक असते. आवश्यक तेथे मानसोपचारतज्ञाचे साहाय्य घ्यावे.

(५) पट्टीचे यांत्रिक दोष : जठराचा भाग पट्टीतून वर सरकल्यास अन्न अकस्मात सहन होईनासे होते व आम्लपित्त बळावते. तीव्र पोटदुखी असल्यास जठराचा रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो व ती तातडीची अवस्था होय. पट्टी जठराच्या भित्तीतून आत शिरल्यास वेदना होतीलच असे नाही. भुकेवरील नियंत्रण एकाएकी जाणे किंवा पुष्कळ काळानंतर कुपीपाशी जंतुसंसर्ग होणे ही त्याची खूण असू शकते. नळी वा कुपी गळत असल्यास भरलेला विद्राव कमी होत जातो. ग्रसिका रुंदावल्यास पट्टी काही काळ पूर्ण सैल ठेवतात. या दोषांचे निदान क्ष-किरण परीक्षा व अंतर्दर्शकाने होते.

वांती अनेक दिवस चालल्यास थायामिनाची (ब१ जीवनसत्त्वाची) त्रुटी निर्माण होऊन तोल जाणे, दृष्टिदोष, बुद्धिभ्रम अशी गंभीर लक्षणे उद्भवू शकतात. अशा रुग्णास ग्लुकोज देण्यापूर्वी थायामीन देणे अगत्याचे असते. गर्भारपणात वांत्या होत असल्यास वा आहार अपुरा पडत असल्यास पट्टी सैल करता येते. हा या पद्धतीचा एक विशेष गुण आहे.

फलिते : मेलबर्न येथे निर्देशांक ३० ते ४० असलेल्या व अलीकडेच मधुमेह जडलेल्या ६० रुग्णांवर केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांनंतर पट्टी बसविलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांचा मधुमेह आटोक्यात आला होता, केवळ आहार व औषधोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. मेलबर्न येथीलच दीर्घकालीन नोंदींत पंधरा वर्षांनंतर जादा वजनापैकी सु. ४७ टक्के वजन घटलेले आढळले. मात्र तेथे नियमित तपासणीची व्यवस्था काटेकोर होती व तरीही अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ब्रूसेल्स येथील ८२ रुग्णांच्या बारा वर्षांहून अधिक काळच्या पाहणीत (२०११) सु. ६० टक्के रुग्णांवर पुनःशस्त्रक्रिया झालेली होती. अमेरिकेतील २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या शासकीय विमा नोंदींत (२०१७) सरासरी साडेचार वर्षांत हे प्रमाण १८.५ टक्के दिसून आले.

पट्टी काढून टाकता येते. परंतु त्यानंतर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढते. म्हणून पट्टी काढल्यावर जठराचे नलिकाकार छेदन किंवा जठर-उपमार्ग शस्त्रक्रिया करण्याचा विचार करतात. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड यांसारखी भूक कमी करणारी औषधे अलीकडे उपलब्ध झाली असून त्यांचाही पर्याय काही रुग्णांपुढे असतो. पट्टी काढावी लागणे हे पुष्कळदा साधनाच्या मर्यादेचे द्योतक असते. त्यावरून रुग्णाच्या निर्धाराविषयी अनुमान काढणे योग्य नव्हे. पट्टी शरीरात असेपर्यंत, वजन स्थिर असले व कोणताही त्रास नसला तरी, वर्षातून किमान एकदा तपासणी करून घेणे इष्ट असते.