टॅबू म्हणजे काय? कायद्यात नाही, तरी तोंडातून निघत नाही

मागच्या महिन्यात आमच्या गावात महिलांचं आरोग्य शिबिर झालं. बातमीसाठी मी पण गेलो होतो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पाळीबद्दल बोलणं हा आपल्याकडे टॅबू आहे." मागं बसलेल्या एका आजीनं शेजारणीला विचारलं, "तंबू म्हनली का गं?" सगळ्या हसल्या. पण खरं सांगायचं तर हसणाऱ्यांतही किती जणींना अर्थ माहीत होता, कोण जाणे. म्हणून हा लेख.

हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही. पॅसिफिक महासागरात टोंगा नावाची बेटं आहेत. १७७७ साली कॅप्टन कुक हा इंग्रज दर्यावर्दी तिथं गेला. ज्याला हात लावायचा नाही, जे खायचं नाही, अशा गोष्टींना तिथले लोक 'टापू' म्हणायचे. पवित्र आणि निषिद्ध, दोन्ही अर्थ त्यात होते. आपल्या देवराईतलं लाकूड तोडत नाहीत, तसंच काहीसं. कुकमुळं तो शब्द इंग्रजीत गेला.

आता बॅन आणि टॅबू यातला फरक बघा. बॅन म्हणजे कायद्यानं बंदी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा बॅन आहे. पण गुटखा मागताना कुणी लाजतं का? म्हणजे तो बॅन आहे, टॅबू नाही. पाळीवर बोलायला कुठल्याच कायद्याची बंदी नाही, तरी आपण 'कावळा शिवला' म्हणतो. हा झाला टॅबू. बंदी सरकार घालतं, टॅबू आपणच पाळतो.

आपल्या बोलण्यात असे टॅबू भरपूर आहेत. रात्री सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. घरातून निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणायचं. यानं कुणाचं नुकसान होत नाही, उलट बोलण्याला गोडी येते.

नुकसान होतं ते दुखणं लपवल्यानं. माझ्या नात्यातल्या एका काकूंनी छातीतली गाठ आठ महिने कुणाला सांगितली नाही. कारण काय, तर लाज. दवाखान्यात गेल्या तोवर आजार पसरला होता. मनाच्या आजाराचंही तेच. 'लोक येडं म्हणतील' म्हणून माणूस आतल्या आत कुढत बसतो.

टॅबू मोडता येतो का? येतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावानं चारचौघांत विषय काढला म्हणून हे झालं.

तेव्हा मंडळी, अंगावरून जास्त जात असेल, कुठं गाठ लागत असेल, तर आशाताईंना सांगा. मन लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर फोन करा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या पुरुषांनीही हे वाचून बायकोला, आईला एकदा विचारावं.